खंडेनवमीला पुजलेलं लोखंड

सोलापूर,
दिवाळीच्या आदल्या आठवड्यात

धुळाप्पा दाजी, तुमच्या आणि अक्काच्या पायांवर डोकं ठेवून बिरुदेव लिहितो की,

घाबरू नका. हाताने लिहिलेलं पत्र आलं म्हणजे काहीतरी इपरीत घडलं असं समजून अक्का पाकीट फोडायच्या आधीच डोळ्याला पदर लावील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की तुमची सोनम इथे माझ्याकडे धडधाकट आहे, दोन वेळा जेवते आहे, आणि कालपासून तर तिसऱ्यांदाही मागते आहे. मी ठीक आहे. गुरम्मा नेहमीच ठीक असते, तिच्यापुढे इतरांचं काय होतं तो प्रश्न वेगळा. तुमचा गुडघा आता कसा आहे? मी पाठवलेलं तेल त्याला लावता, की मेंढरांच्या खुरांना लावून संपवलंत? अक्काचा खोकला थांबला का? आणि शिंगमोड्या एडका नीट चरतो ना? (हा शेवटचा प्रश्न सोनमचा आहे. तिने आधी एडक्याची चौकशी करायला सांगितली होती आणि मग तुमची. क्रम मी बदलला, वडीलधाऱ्यांचा मान राहावा म्हणून.)

फोन का केला नाही म्हणाल, तर तुमचा कळप जिथे चारा तिथे, आणि चारा जिथे तिथे नेमकी रेंज नसते. बरं, रेंज आली तरी तुम्ही फोन स्पीकरवर टाकून दगडावर ठेवता आणि खिंडीपलीकडे ऐकू जाईल असं बोलता, त्यामुळे अख्खी वस्ती भोवती जमते. मागे सोनम रडत होती ही बातमी मी तुम्हाला संध्याकाळी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी अक्कलकोटहून माझ्या सासूबाईंचा फोन आला, की पोरीला कुणी मारलं. म्हणून सगळं सविस्तर लिहून रेवणप्पाच्या हाती देतो आहे. तो लोकर बघायला तुमच्याकडे येणारच आहे. पत्र वाचून होईपर्यंत त्याला चहा देऊ नका, नाहीतर तो खांद्यावरून वाचत बसेल.

आता मुद्द्यावर येतो. गौरी-गणपतीच्या सुमारास तुम्ही मला बजावलं होतं की पोरगी इंजिनिअरिंगला घातली खरी, पण तिथे रमत नसेल तर तिचा जीव जाळायचा नाही. दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर तुम्ही जीप घेऊन याल आणि गाठोड्यासकट तिला कायमची घेऊन जाल. मी छातीला हात लावून सांगितलं होतं की जीपची गरज पडणार नाही, मी आहे ना. दाजी, सगळा घोटाळा ह्या 'मी आहे ना'नेच केला, पण तो क्रमाने सांगतो.

सोनमच्या वर्गात मुली बोटांवर मोजाव्यात इतक्या. मेकॅनिकलचं असंच असतं म्हणतात. पोरं वाईट नाहीत, उलट फार मदत करणारी आहेत, आणि दुखणं तिथेच होतं. वर्कशॉपमध्ये तिने कानस हातात घेतली की शेजारचा लगेच म्हणणार, दे इकडं, मी करून देतो. करवत घेतली की दुसरा पुढे. मग ही भिंतीला टेकून उभी राहणार आणि हिचं काम तिसऱ्याच्याच हातून होणार. वर्गात इंग्रजीत शिकवून झाल्यावर सर विचारणार, समजलं ना, आणि सगळ्या माना हलणार, त्यात हिचीही. घरी येऊन मला म्हणाली, मला तिथे काही येत नाही. मी म्हटलं, काय येत नाही ते सांग. तर म्हणाली, काय येत नाही तेच कळत नाही. असल्या दुखण्यावर कुठलं औषध द्यावं हे मला सुचेना, म्हणून मी स्वतःच औषध व्हायचं ठरवलं.

चादरीच्या गोदामातली माझी पॅकिंगची पाळी दुपारची, म्हणजे सकाळ मोकळी. मी रोज तिच्याबरोबर कॉलेजला जाऊ लागलो. बॅग मी धरायचो. ती माझ्यापुढे इतकी भराभर चालायची, की हा माणूस पोरीची बॅग घेऊन कुठे निघालाय म्हणून एकदोघांनी मला हटकलंही. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर मी बसून राहायचो. हळूहळू कॉलेजातली सगळी मुलं मला मामा म्हणू लागली. वॉचमन जेवायला जाताना फाटक माझ्यावर सोपवू लागला. एका पोराने तर कसल्याशा कागदावर पालक म्हणून माझी सही मागितली, आणि चेहऱ्याने गरीब दिसला म्हणून मी केलीसुद्धा. एवढी माझी तिथे वट. फक्त सोनम ओळख दाखवत नव्हती.

मग मी एक पाऊल पुढे टाकलं. वर्कशॉपचे शिवराज सर टपरीवर आले असता त्यांना गाठून हात जोडले आणि सांगितलं, की आमची पोर नाजूक आहे, तिला जड काम देऊ नका. (नाजूक! जी पोर दोन बगलांत दोन कोकरं घेऊन भरलेला ओढा ओलांडते, ती. पण शहरात असं बोलायचं असतं असा माझा समज होता.) सर भला माणूस. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सोनमला बसायला स्टूल मिळालं आणि बाकीचे काम करत असताना त्यांच्या नोंदी लिहायचं काम मिळालं. मला वाटलं पोरगी खूश होईल. ती घरी आली, ताटावर बसली, भाकरीचा तुकडा मोडला, तसाच ठेवला आणि उठली. गुरम्मा माझ्याकडे बघून 'साकु' म्हणाली. तिच्या माहेरच्या कानडीत साकु म्हणजे पुरे. लग्न झाल्यापासून तिने मला एवढंच कानडी शिकवलं आहे.

त्याच आठवड्यात आमच्या दारात आरोही नावाची मुलगी येऊन उभी राहिली. वैरागची, वडिलांचं भुसार दुकान, स्वतः मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. आल्या आल्या चपला काढून थेट स्वयंपाकघरात गुरम्माजवळ बसली आणि शेंगाचटणी मागून घेतली, त्यामुळे ओळखपाळख करण्यात वेळ गेला नाही. तिने सांगितलं की पहिल्या वर्षी तीसुद्धा बॅग भरून बसली होती. तेव्हा वरच्या वर्गातल्या एका मुलीने तिला धरून ठेवलं, म्हणून आता वरच्या वर्गातली प्रत्येक मुलगी पहिल्या वर्षाची एकेक मुलगी धरते. शनिवारी दुपारी शिवराज सर फक्त मुलींसाठी वर्कशॉप उघडं ठेवतात. कुणी कुणाच्या हातातलं हत्यार घ्यायचं नाही, एवढाच तिथला नियम. समजलं नाही तर समजलं नाही असं मोठ्याने म्हणायचं, त्याला कुणी हसत नाही. मी विचारलं, मामांनी यायचं का? ती नको म्हणाली, आणि चटणी फार छान झाल्याचं सांगितलं.

शनिवार सुरू झाले. पहिल्यांदा पत्रा कापायचा होता. मी टपरीवर सांगून ठेवलं की आमची पोर मेंढरं कातरण्यात पटाईत, पत्र्याचं काय घेऊन बसलात. पत्रा वाकडा कापला गेला. (मेंढी हलते, पत्रा हलत नाही, त्यामुळे हाताची सवय मोडते, असं स्पष्टीकरण मी टपरीवर दिलं.) पण सोनम त्या दिवशी हसत घरी आली, कारण वाकडा का होईना, तो तिने कापला होता. मग त्यांना लोखंडाचा जोड करायचा होता. एका पट्टीत खाच, दुसरीला जीभ, दोन्ही कानशीने घासून एकमेकींत अशा बसवायच्या की उजेडाकडे धरल्या तर मधून उजेड दिसता कामा नये. ह्याला तिथे जॉब म्हणतात. (अक्काला सांगा, नोकरी नव्हे. नाहीतर ती वस्तीत पेढे वाटील.) पुढचे सगळे शनिवार सोनम ते लोखंड घासत होती. बोटांना फोड आले, ते तिने मला दाखवले, आणि दाखवताना तिच्या तोंडावर जे होतं ते दाजी, मला लिहून सांगता येत नाही. दसऱ्याच्या सुट्टीआधी जोड बसला. उजेड दिसेना. सरांनी तो सुट्टीपुरता घरी दाखवायला न्यायची परवानगी दिली, तेल लावून कोरड्या फडक्यात ठेव म्हणाले, आणि सुट्टी संपली की जमा कर. आणि मधे आली खंडेनवमी.

आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ज्याच्या हातात जे हत्यार, ते त्या दिवशी धुऊन पाटावर मांडायचं, पुजायचं, आणि दसऱ्याला सोनं लुटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी माझा दाभण आणि कातर मांडली. गुरम्माची विळी मांडली. मग मनात आलं, की आपल्यात आजवर लोकर कातरायची कातर आणि कुऱ्हाड सोडून पाटावर काही आलं नाही, आज पहिल्यांदा एका पोरीचं इंजिनिअरिंग येतंय. सोनम आरोहीकडे गेली होती. मी तिच्या कपाटातून जोड काढला, शेजारी तिचा तो मोठा कॅल्क्युलेटर ठेवला. फडकं सोडलं. हाताला तेल लागलं म्हणून लोखंड भांड्याच्या साबणाने स्वच्छ धुतलं. आणि कशाची कमतरता नको म्हणून दोन्ही वस्तूंना पंचामृताने न्हाऊ घातलं. हत्यारांवर पंचामृत ओतत नाहीत असं गुरम्मा म्हणाली होती, साकुही म्हणाली होती, पण माझा ऊर भरून आला होता, आणि ऊर भरून आला की मला कमी ऐकू येतं. वर हळद, कुंकू, झेंडूची फुलं आणि ओली विड्याची पानं.

सोनम आली, पाटाकडे बघितलं, आणि तो जोड तेवढा पुसून घेऊ का म्हणून हळूच विचारलं. मी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. तिने ऐकलं. पोरगी मान राखणारी, हेच तर सगळ्यांच्या पथ्यावर पडत आलं होतं. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं देऊन झाल्यावर फुलं बाजूला केली, तर खाली लोखंड तांबडंलाल. कॅल्क्युलेटरच्या बटणांत मध गेल्यामुळे एक बटण दाबलं की शेजारची दोन आपोआप बसत होती. सोनम रडली नाही. तिने जोड फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला, आत जाऊन बॅग भरली आणि म्हणाली, "मामा, आप्पास्नी सांगा, जीप आत्ताच धाडा. दिवाळीपातूर कशाला थांबायचं." दाजी, कळप वाड्यात आणल्यावर मोजायला घ्यावा आणि एक कोकरू कमी भरावं, तसं मला झालं.

दसऱ्याची सुट्टी संपली होती. सकाळी ती उठायच्या आत मी जोड घेऊन कॉलेजवर गेलो. शिवराज सरांपुढे फडकं उलगडलं आणि सांगितलं, की चूक पोरीची नाही, देवाचीही नाही, माझी आहे. सरांनी वास घेतला (दह्याचा येत होता) आणि म्हणाले की गंज वरवरचा आहे, बारीक पॉलिश पेपरने जाईल, तिला पाठवून द्या. एवढं ऐकून मी घरी आलो असतो तर हे पत्र इथेच संपलं असतं. पण सर कुणाशी तरी बोलायला आत गेले, टेबलावर पॉलिश पेपर पडला होता, आणि मी आहे ना. बाह्या वर सारल्या आणि घासायला घेतलं. पेपर जाडा की बारीक हे बघितलं नाही. जीभ घासली, खाच घासली, कडा घासल्या, सगळं कसं गुळगुळीत केलं. गंजाचा ठिपका ठेवला नाही. तेवढ्यात आरोही आली. तिने दोन्ही पट्ट्या माझ्याकडून घेतल्या, एकमेकींत बसवल्या आणि खिडकीकडे धरल्या. फटीतून बाहेरचं लिंबाचं झाड दिसत होतं, पानांसकट.

ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, तुमी पन करून दिलं व्हय?"

दाजी, दे इकडं म्हणणारी ती सगळी पोरं माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांना अजून मिशा नीट फुटलेल्या नाहीत. सर बाहेर आले, त्यांनी जोड बघितला, कपाळाला हात लावला आणि नवं लोखंड काढून ठेवतो म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीआधी नवा जोड दिला तर जमा करून घेईन, पण करायचा तिने. मी बरं म्हटलं. आता घरी जाऊन हे तिला सांगायचं होतं, आणि ते काम मात्र कुणी करून देईना.

सोनम उंबऱ्याशी बॅगेवर बसली होती. मी काही न लपवता सगळं सांगितलं. वाटलं, आता रडेल. पण मोठ्यांपुढे कधी आवाज न चढवलेली तुमची पोर उठून उभी राहिली आणि तिने मला असं फैलावर घेतलं, की शेजारच्या पद्मशाली आजी विड्या वळायचं सोडून दारात आल्या. "पोरं म्हन्त्यात दे इकडं, सर म्हन्त्यात बस तितं, तुमी म्हन्ता मी हाय की. समदीच हायेत, तर मग मी कशाला हाय?" असं म्हणाली. आणखीही पुष्कळ म्हणाली. स्टुलाबद्दल म्हणाली, टपरीबद्दल म्हणाली, बॅग धरण्याबद्दल तर फारच म्हणाली. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि आतून मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. जिला काय येत नाही तेच कळत नव्हतं, तिला काय नको ते तरी स्वच्छ कळलं होतं. बोलून दम लागल्यावर भूक लागली म्हणाली. गुरम्माने कडक भाकरी चुरून वर आमटी ओतली. जेवण झाल्यावर सोनमने बॅगेतून खाकी एप्रन काढला आणि खुंटीला लावला. मी गुरम्माकडे बघितलं, तर ती पाठ करून भांडी लावत होती आणि नाक ओढत होती.

दुसऱ्या दिवसापासून ती एकटी जाते. मला चौकापर्यंत मुभा होती, ती पण पुढे काढून घेतली. वर्गात सरांनी समजलं ना विचारल्यावर हिने हात वर करून नाही म्हटलं, आणि तिच्या पाठोपाठ मागच्या बाकावरच्या पोरांनीही सुटका झाल्यासारखं नाही म्हटलं, असं आरोही सांगत होती. स्टूल हिने परत केलं. शेजारच्याने सवयीने कानशीला हात घातला, तेव्हा तुझी तुझ्यापाशी ठेव म्हणाली म्हणे. नवा जोड काल जमा झाला. एका कोपऱ्यात बारीकशी फट आहे, पहिल्याइतका सुबक नाही, आणि सरांनी गुणही बेताचेच दिले. पण येताना ती रस्त्याने गाणं म्हणत होती. (मी मागे नव्हतो. वॉचमनने सांगितलं.)

तर दाजी, जीपवाल्याला नको म्हणून सांगा. तुमची पोर सुट्टीला येईल आणि सुट्टी संपली की परत येईल. दोन महिने माझ्या छातीवर दगड होता. तो उतरला, आणि मी उतरवला नाही हे लिहितानाही मला हलकंच वाटतंय. अक्काला म्हणावं, आता खोकल्याचं औषध घे, पोरीची काळजी करायचं काम संपलं. वस्तीवर ज्याला जे सांगायचं ते सांगा, आणि एडक्याच्या पाठीवर सोनमच्या नावाने एक थाप मारा.

तुमचा मेहुणा,
बिरुदेव
(सध्या बिनकामाचा)

ता. क. रेवणप्पाजवळ टॉवेलात बांधून ते पहिलं लोखंड पाठवलं आहे. बसवून उजेडाकडे धरून बघा. फट दिसते ते काम माझं. पण खाचेच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, जिथे माझा पॉलिश पेपर पोचला नाही, तिथून अजून उजेड येत नाही. ते तुमच्या पोरीचं. अक्काला दाखवा, पण तिने हळदकुंकू लावायचं नाही आणि तुम्ही घासायचं नाही.

आणखी ता. क. दिवाळीनंतर कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलींच्या पालकांची सभा आहे आणि आरोहीने मला तिथे बोलायला सांगितलं आहे. विषय आहे, पालकांनी काय करू नये. तुमच्याएवढा अनुभव दुसऱ्या कुणाला नाही म्हणाली. तुमचा गुलाबी पटका सोनमबरोबर धाडलात तर माझी शोभा राहील.

आप्पा, वरचं सगळं मी वाचलं. खरं आहे. फक्त मी रस्त्याने गाणं म्हणत नव्हते, सूत्रं पाठ करत होते, आणि मामा लिंबाच्या झाडामागे होते. मी धनत्रयोदशीला दुपारच्या एसटीने येते आणि भाऊबीज करून परत जाते. जीप नको. स्टँडवर घ्यायलाही कुणी येऊ नका. वाट मला ठावी हाय. – सोनम

(पाकिटाच्या मागच्या बाजूला)

दाजी, हे इथे लिहितो आहे, कारण पाकीट तिने स्वतः चिकटवलं. ती असं म्हणते खरं, पण तुम्ही मंगळवेढ्याच्या स्टँडवर या. समोर येऊ नका. रसवंतीच्या आडोशाला उभे राहा, पटका काढून ठेवा म्हणजे लांबून ओळखू येणार नाही, आणि ती वाटेला लागली की बरंच अंतर ठेवून मागून चला. बॅग धरायला जाऊ नका. इकडे बस सुटेपर्यंत मी खांबामागे असेन. एवढी एकच विनंती आहे, आतलं पत्र नाही वाचलंत तरी चालेल.